रेंगाळणारा लॅपटॉप: दुरुस्त करायचा की बदलायचा?

पाच-सात वर्षांचा लॅपटॉप मंद झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठंही विचारा, सल्ले दोनच मिळतात. एक, 'फॉरमॅट मारून घे'. दोन, 'आता तो टाक आणि हप्त्यावर नवा घे'. फॉरमॅटनं पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग ये रे माझ्या मागल्या. नव्याचे हप्ते मात्र पंधरा दिवसांत संपत नाहीत. दोन्ही सल्ल्यांत मधली पायरी सुटलेली असते, ती म्हणजे दुखणं नेमकं कुठं आहे ते बघण्याची. ती पायरी घरी बसून, एक पैसा न घालता, तासाभरात होते.

निर्णयासाठी एकच सूत्र धरून चला. जो भाग उद्या काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावता येईल किंवा वेगळा वापरता येईल, त्यावर खुशाल खर्च करा. जो भाग त्या लॅपटॉपबरोबरच संपणार, त्यावर हात आखडता घ्या. एसएसडी (हार्डडिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) पहिल्या गटातली, मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) आणि स्क्रीन दुसऱ्या.

१. हात लावण्याआधी डेटा बाहेर काढा

हार्डडिस्कमधून टिक-टिक किंवा खरखर आवाज येत असेल, तर त्यावर स्कॅन, डीफ्रॅग, अँटिव्हायरस यांपैकी काहीही चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला शेवटचं पळवायचं ते फक्त कॉपी करण्यासाठी. आधी न परत मिळणाऱ्या गोष्टी घ्या: फोटो, सातबारा आणि आरटीसीचे (कर्नाटकातल्या जमीन उताऱ्याचे) स्कॅन, मार्कशीट, टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड. गाणी-सिनेमे शेवटी.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. बायोस (लॅपटॉप चालू होताना विंडोजच्याही आधी चालणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, बोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावली की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काहीच मिळत नाही. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती की आजच कागदावर उतरवून ठेवा. लॅपटॉप दुकानदाराच्या किंवा भाच्याच्या ईमेलवर सुरू केला असेल तर की त्याच्या खात्यात असते. हे आपल्याकडं फार घरांत घडतं.

२. लॅपटॉपची कुंडली मांडा

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत 'एमएसइन्फो३२' टाइप करा. प्रोसेसरचं नाव, मॉडेल, बायोसची तारीख सगळं एका पानावर दिसेल. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यातला परफॉर्मन्स भाग बघा. तिथून या गोष्टी टिपा:

प्रोसेसर: नावातल्या आकड्यावरून पिढी कळते. आय३-५००५यू पाचवी, आय३-७०२०यू सातवी, आय५-८२५०यू आठवी, आय३-१०११०यू दहावी, आय३-१११५जी४ अकरावी. 'माझा आय७ आहे' एवढं सांगून काही कळत नाही. चौथ्या पिढीचा दोन कोअरचा आय७ आणि बाराव्या पिढीचा आय३ शेजारी ठेवले तर आय३ सहज पुढं जातो.

रॅम: मेमरी या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं. '१ ऑफ २' म्हणजे एक जागा मोकळी. तिथंच 'फॉर्म फॅक्टर' पुढं 'एसओडिम' असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डवर झाळलेली आहे.

डिस्क: डिस्कच्या नावाखाली एचडीडी (हार्डडिस्क) आहे की एसएसडी ते लिहिलेलं असतं. साठा ३२ किंवा ६४ जीबी आणि प्रकार ईएमएमसी असेल तर तो बोर्डवरच बसवलेला असतो, बदलता येत नाही.

बॅटरी: कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग एक मोकळी जागा, मग प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट'. एंटर दाबल्यावर एक फाइल तयार होते, तिचा पत्ता तिथंच दिसतो. ती ब्राउजरमध्ये उघडून 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे बघा. पहिला ४१,००० आणि दुसरा १६,००० असेल तर बॅटरीत जेमतेम ३९ टक्के जीव उरलाय.

३. मंदपणा कुठला, ते ओळखा

लॅपटॉप चालू करून दहा मिनिटं काहीही उघडू नका. मग टास्क मॅनेजर बघा.

डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि प्रोसेसर १५-२० टक्क्यांवर निवांत असेल, तर दोषी हार्डडिस्क. २०२०च्या आधीच्या स्वस्त लॅपटॉपांत दहांपैकी सातआठ वेळा हेच निघतं. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला सलग मोठी फाइल वाचायला सांगितली तर ती सेकंदाला शंभरेक एमबी देते, पण विंडोज एकाच वेळी हजारो बारक्या फाइली मागतं. तिथं वाचणारी सुई जागा शोधत फिरत राहते आणि वेग सेकंदाला एखाद्या एमबीवर येतो. एसएसडीत फिरणारं काही नसतंच.

डिस्कची तब्येत बघायला 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध. 'रीअलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळींत शून्याऐवजी आकडा असेल आणि तो आठवड्यात वाढत असेल, तर डिस्क निघाली समजा.

मेमरी ८५-९० टक्के भरलेली असेल, क्रोमच्या चार टॅब उघडल्यावर डिस्क पण पळायला लागत असेल, तर रॅम अपुरी. ४ जीबीवर आजचं विंडोज उभं राहतं, काम करत नाही.

सुरुवातीला बरा चालतो, अर्ध्या तासानं रांगतो, पंखा बोंबलतो आणि खालचा भाग चटका देतो: हे उष्णतेचं. 'एचडब्ल्यूइन्फो' या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. कामाच्या भरात ९५ अंशांच्या वर गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो.

आणखी एक दुखणं आहे, जे दुकानातही पटकन ओळखत नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग काहीही केलं तरी ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झवर चिकटलेला दिसतो. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर ओळखू शकले नाहीत तर वेग जाणूनबुजून दाबून ठेवतात. चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवून बघा. वेग परत आला तर दोष चार्जरचा किंवा चार्जिंग पिनचा. या एका गोष्टीपायी चांगले लॅपटॉप भंगारात गेलेत. चार्जर घेताना व्होल्ट जुन्याएवढेच हवेत, अँपिअर जास्त चालतील. १९.५ व्होल्ट गुणिले ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. कमी वॉटचा लावला तर पुन्हा तीच गत.

४. पिढीची सीमारेषा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडं की पलीकडं यानं किती फरक पडतो, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. लॅपटॉपच्या बाबतीत ही रेघ विंडोज ११नं मारली आहे.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी मुदतवाढीची नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. ही नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून होते, त्यासाठी विंडोज १०ची २२एच२ ही आवृत्ती लागते. विंडोज ११ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय), सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा लॅपटॉपांतली एएमडीची साधारण रायझन ३००० मालिका, निदान एवढं तरी हवं.

मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' चालवा. प्रोसेसर आठव्या पिढीचा असून फक्त टीपीएमपाशी अडत असेल तर घाबरू नका. बहुधा ते बायोसमध्ये बंद असतं. इंटेलवर 'पीटीटी' आणि एएमडीवर 'एफटीपीएम' या नावानं सापडेल, ते चालू करा.

सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीच्या लॅपटॉपवरही 'विंडोज ११ टाकून देतो' म्हणणारे भेटतील. टाकता येतं, खोटं नाही. पण ती पळवाट आहे. वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येत नाही आणि फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती मुळात चालूच होत नाही. नेट बँकिंग, जीएसटी भरणं, ग्राहकांचे आधार हाताळणं अशी कामं असतील तर या पळवाटेवर धंदा उभा करू नये. नुसतं टायपिंग, यूट्यूब, मुलांचा अभ्यास असेल तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका. लिब्रेऑफिस त्याच्याबरोबर येतं, मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कळफलक चालतो, कन्नडचाही. बोटांच्या ठशांचं यंत्र किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी मात्र लिनक्सच्या वाटेला जाण्याआधी त्याचा ड्रायव्हर मिळतो का ते पाहावं.

५. कशावर खर्च करावा, कशावर नाही

एसएसडी. आठव्या किंवा पुढच्या पिढीचा लॅपटॉप हार्डडिस्कवर चालत असेल, तर इथं विचार करत बसायचं कारणच नाही. अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा (हार्डडिस्कच्याच जोडणीची) एसएसडी हार्डडिस्कच्या जागी जशीच्या तशी बसते. वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास. एम.२ ची (पट्टीसारखी एसएसडी बसण्याची) जागा असेल तर आधी तपासा, कारण तिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि खाच जुळली म्हणून चालेलच असं नाही. काही लॅपटॉपांत एम.२ ची जागा फक्त साटा ओळखते. लांबीही बघा, ८० मिलिमीटरची सर्रास मिळते, पण काही मॉडेलमध्ये ४२ मिलिमीटरचीच जागा असते. उद्या लॅपटॉप गेला तरी एसएसडी काढून केसमध्ये घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते.

जुनी डिस्क निरोगी असेल तरच क्लोन करा, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर घ्या. खराब सेक्टर असलेल्या डिस्कचं क्लोनिंग म्हणजे आजारासकट घर बदलणं. त्यापेक्षा ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घेऊन नव्यानं टाका. मूळ विंडोज असलेल्या लॅपटॉपवर डिस्क बदलली तरी ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं, कारण परवाना बोर्डशी बांधलेला असतो. 'की'चे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. बोर्ड बदलला तर मात्र तो परवाना जातो, हे बोर्डाच्या खर्चात धरा.

रॅम. निदान ८ जीबी करा, झेपत असेल तर १६. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या प्रकारांची खाच वेगळी असते, एकमेकांत बसत नाहीत. पण डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांची खाच सारखीच, तिथं फसगत होते. पाचव्या पिढीच्या आसपासच्या लॅपटॉपांना १.३५ व्होल्टची 'एल' पट्टीच लागते. १.५ व्होल्टची घातली तर पडदा काळा. आणि भाव: रॅम आणि एसएसडी दोन्ही २०२५च्या अखेरीपासून चांगल्याच चढल्या. जुन्या व्हिडिओत ऐकलेल्या भावावर दुकानदाराशी वाद घालू नका, त्या दिवसाचा भाव दोनतीन ठिकाणी विचारा. चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपसाठी डीडीआर३ घेत असाल तर ती पट्टी पुढच्या लॅपटॉपला लागणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

साफसफाई आणि पेस्ट. आपल्याकडच्या लॅपटॉपांचा हा मोठा आजार आणि सगळ्यात स्वस्त औषध. पंखा उचलला की पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधे नमद्यासारखा घट्ट थर सापडतो. वाऱ्याची वाटच तिथं बंद झालेली असते. बाहेरून ब्लोअर मारला तर हा थर आणखी आत दाबला जातो आणि पंखा सुसाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. पंखा बोटानं किंवा काडीनं धरून, थर ब्रशनं सोडवून काढायचा. प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची आणि नवी ज्वारीच्या दाण्याएवढी लावायची. जास्त लावली म्हणून जास्त गार होत नाही. मेमरी चिपवर असलेले मऊ थर्मल पॅड फाटले तर तेवढ्याच जाडीचे घ्यावेत, त्या जागी पेस्ट फासू नये.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि मशिन शॉपमध्ये वापरलेल्या लॅपटॉपांत काळी, जड भुकटी असते. त्यात लोखंडाचे कण असतात आणि त्यांतून वीज वाहते. तसा लॅपटॉप चालू ठेवून फुंकर मारणं म्हणजे शॉर्टला आमंत्रण. आधी बॅटरीची पिन काढा, मगच ब्रश लावा. निपाणीकडं तंबाखूच्या वखारीतला चिकट थर नुसत्या ब्रशनं निघत नाही, जाळी सुटी करून अल्कोहोलनं धुवावी लागते.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात पावसाळ्याचे चार महिने दमट हवेत पडून राहिलेला लॅपटॉप चालू केल्याकेल्या बंद पडतो, ते बोर्डवर बसलेल्या ओलीमुळं. बॅगेत कोंडून ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास चालवलेला बरा. आणि वळवाचं कडाडायला लागलं की चार्जर आणि लॅनची (इंटरनेटची) वायर दोन्ही काढा. लोक चार्जर काढतात आणि लॅन विसरतात, मग वीज त्या वायरीतून बोर्डात शिरते.

बॅटरी. ५० टक्क्यांच्या खाली गेली असेल आणि तुमच्याकडं दिवसातून दोनदा लाइट जात असेल, तर बदला. नेहमी टेबलावरच वापर असेल तर थांबता येईल. घेताना उत्पादनाची तारीख बघा. लिथियमची बॅटरी नुसती दुकानात पडूनही म्हातारी होते. बसवल्यावर दुकानातच पुन्हा तो रिपोर्ट काढा. दोन आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. टचपॅड वर उचललेला दिसत असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल, तर बॅटरी फुगली आहे. त्या दिवसापासून चार्जिंग बंद, टोचायचं-दाबायचं नाही, सरळ काढून घ्या.

बिजागरी. झाकण उघडताना कोपऱ्यात कट-कट आवाज आला की त्याच आठवड्यात दाखवा. बिजागरी गंजून घट्ट झाली की ती प्लास्टिकमध्ये रोवलेले पितळी नट उपटून काढते. सुरुवातीला बिजागरी सैल करून, नट इपॉक्सीनं बसवून काम भागतं. ओढत नेलं तर वरची बॉडी, स्क्रीनचा पट्टा (केबल) आणि शेवटी पॅनेल. फेव्हिक्विक ओतू नका, तो बिजागरीत झिरपून ती कायमची आवळते.

स्क्रीन. रेघा येत असतील तर झाकण पुढं-मागं हलवून बघा. रेघा बदलल्या तर पट्टा, तशाच राहिल्या तर पॅनेल. एचडीएमआयनं टीव्हीला जोडा. टीव्हीवरही रेघा असतील तर दोष बोर्डवर, मग पॅनेल बदलून पैसे वाया घालवू नका. सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीच्या लॅपटॉपला नवं पॅनेल घालण्यात अर्थ नाही. घरात पडलेला मॉनिटर जोडून टेबलावर वापरा. कीबोर्डचंही तसंच, यूएसबीचा लावून मोकळे व्हा.

मदरबोर्ड. 'अजिबात चालू होत नाही' असा लॅपटॉप एखाद्या शॉर्ट झालेल्या कपॅसिटरपायी अडलेला असू शकतो आणि ते काम स्वस्तात होतं. म्हणून निदान करून घ्यायला हरकत नाही. पण पाणी किंवा चहा सांडलेला बोर्ड दुरुस्त झाला तरी गंज आतून पसरत राहतो. ग्राफिक्सची चिप गरम करून चालू केलेला लॅपटॉप तर काही आठवड्यांचा पाहुणा असतो. या दोन कामांवर पैसे घालू नका.

सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी झाळलेली रॅम, ६४ जीबी ईएमएमसी असा लॅपटॉप असेल तर वरचं बहुतेक काही लागूच होत नाही. त्यात बदलण्यासारखं फारसं काही ठेवलेलंच नाही.

६. वर्षाचा हिशेब करा

नुसता दुरुस्तीचा आकडा बघून निर्णय चुकतो. खर्चाला पुढं मिळणाऱ्या वर्षांनी भागा. आकडे समजण्यापुरते घ्या:

आठव्या पिढीचा आय५, एसएसडी ३,५००, बॅटरी २,५००, साफसफाई ९००, एकूण ६,९००. अजून ३ वर्षं धरली तर वर्षाला २,३००. नवा ४५,०००चा घेऊन ६ वर्षं वापरला तर वर्षाला ७,५००. इथं दुरुस्तीच.

सहाव्या पिढीचा आय३, बोर्डवरचं काम ७,०००, बिजागरी २,५००, बॅटरी २,५००, एकूण १२,०००. दीड वर्ष मिळालं तर वर्षाला ८,०००. शिवाय त्यातला एकही भाग पुढं नेता येत नाही. इथं थांबायचं.

अडनिड्या जागी असाल तर, दुरुस्तीचा एकूण खर्च त्याच कामाच्या नव्या लॅपटॉपच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेला की दुरुस्ती सोडा. आणि वर्षाच्या आत दोनदा बोर्डचं काम निघालं असेल तर हिशेब न करताच सोडा.

एक अपवाद आहे. वर्कशॉपमधला जुना लॅपटॉप, ज्याच्या नऊ पिनांच्या सीरियल पोर्टवरून सीएनसी मशिनला प्रोग्रॅम जातो. त्याला एसएसडी घाला, नेट तोडा आणि जपा. यूएसबी ते सीरियल जोडणी सगळ्याच मशिनशी नीट बोलत नाही. डीटीपीवाल्यांचंही तेच: पानं जुळवणारा जुना पेजमेकर, डोंगलवर (परवान्याच्या पिनवर) चालणारी मराठी लिपी आणि कन्नड टायपिंगचं नुडी ज्या यंत्रावर जुळलेली आहेत, ते यंत्र ऑफलाइन ठेवून जुन्या कामांसाठी राखावं.

७. दुकानात देताना

बरोबर न्यायचं: मूळ बिल असेल तर ते, मॉडेल आणि सीरियल नंबर, चार्जर, बिटलॉकरची की (सांगायची नाही, आपण टाकायची), आणि दुसऱ्या टप्प्यात काढलेले फोटो.

झाकण उघडून होईपर्यंत थांबा आणि रॅम, एसएसडी, बॅटरी यांवरच्या लेबलांचे फोटो काढा. त्यानं भांडण होत नाही, भांडणाची वेळच येत नाही. जॉबशीटवर तक्रार, अंदाजे खर्च आणि 'विचारल्याशिवाय पार्ट बदलू नये' हे लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. पार्ट ओरिजिनल, कंपॅटिबल की जुन्या मशिनमधला काढलेला, हे बिलावर यायला हवं. नुसत्या तोंडी 'ओरिजिनलच आहे'ला अर्थ नाही. क्रॅक केलेलं विंडोज आणि ऑफिस टाकून घेऊ नका. त्याच्याबरोबर काय काय आत येतं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं.

८. बदलायचंच ठरलं तर

नवा घेताना ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, १६ जीबी रॅम. ८ जीबीच घेत असाल तर एक स्लॉट मोकळा आहे का ते विचारा. 'डॉस'वाला लॅपटॉप स्वस्त दिसतो, पण त्यात विंडोज नसतं. त्याचा खर्च जोडून तुलना करा. ऑन-साइट (घरी येऊन दुरुस्तीची) वॉरंटी असेल तर आपल्या गावाचा पिनकोड सांगून खात्री करा. शहरापुरतीच सेवा असेल तर लोंढा किंवा कापोलीहून लॅपटॉप बेळगावला घेऊन जायचं काम तुमच्याच गळ्यात.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५, त्यामुळं तिकडची खरेदी होतेच. घरगुती ग्राहकाला फरक पडत नाही, लॅपटॉपवर जीएसटी दोन्हीकडं १८ टक्के, आणि कंपनीची वॉरंटी राज्याची हद्द बघत नाही. पण कर्नाटकात जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यानं कोल्हापुरात काउंटरवर बिल केलं आणि त्यावर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लागला, तर त्याचं क्रेडिट इकडच्या नोंदणीवर मिळत नाही. आपला जीएसटी नंबर देऊन आयजीएसटीचं (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचं) बिल आणि इकडच्या पत्त्यावर डिलिव्हरी होते का, हे आधी आपल्या कर सल्लागाराला विचारा.

जुना, ऑफिसातून निघालेला लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक हा मधला मार्ग चांगला आहे. बॉडी दणकट, पार्ट मिळतात. मात्र दुकानातच 'एमएसइन्फो३२' उघडून पिढी बघा, स्टिकरवर विश्वास ठेवू नका. बायोस उघडून बघा, पासवर्ड मागितला तर तिथंच परत द्या. विंडोज पहिल्यापासून सेट करून बघा. मधेच एखाद्या कंपनीचं नाव आणि तिचं लॉगिन मागितलं, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे.

९. जुना बंद करण्याआधी

टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून 'सरेंडर' केल्याशिवाय ते फॉरमॅट करू नका. डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर आणि ठशांच्या यंत्राचे ड्रायव्हर नव्यावर चालवून बघा. जुन्या लिपीत टाइप केलेल्या फाइलींसाठी त्याच फॉन्टच्या फाइली बरोबर घ्या, नाहीतर शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

विकायचा असेल तर 'रीसेट'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लीन ड्राइव्ह' दोन्ही निवडा. नुसतं डिलीट केलेलं सहज परत येतं. टाकायचा असेल तर भंगारवाल्याच्या गाड्यावर नको. ई-कचरा नियम २०२२ प्रमाणं जुन्या यंत्रांची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडंच लागायला हवी आणि तिची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. त्यामुळं लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर परत घेण्याची सोय शोधा. बॅटरी सुटी होत असेल तर वेगळी काढून, टोकांना चिकटपट्टी लावून द्या.

बाहेर काढलेली जुनी हार्डडिस्क मात्र महिनाभर कपाटात ठेवा, तोवर पुसू नका. राहून गेलेली एखादी फाइल साधारण तिसऱ्या आठवड्यात आठवते.